तीन पोती काच

उस्मानभाई,

आमच्यात तेरावा असतो, तुमच्यात चाळिसावा. मी दोन्ही मोजायला जातो आणि दोन्ही चुकवतो. काल गोदानं विचारलं, उस्मानभाईंना जाऊन किती दिवस झाले हो. मी म्हणालो अकरा. ती म्हणाली सतरा. बायकोशी हुज्जत घालायची मला चांगली सवय आहे, पण काल घातली नाही. सतरा तर सतरा.

तुमच्याशी वीस वर्षं बोललो. बोललो म्हणजे भांडलो. कळमनुरीच्या बाजारात लोक म्हणायचे, कासार आणि मण्यार सकाळी भांडायला बसतात आणि दुपारी जेवायला उठतात. मी बांगड्या विकणारा, बायकांच्या हातात भरणारा. तुम्ही काच वितळवून बांगडी वळणारे. तुमच्याशिवाय माझी पेटी रिकामी, माझ्याशिवाय तुमचा माल भट्टीपाशी पडून. एवढं एकमेकांवाचून अडलेलं असताना गोड बोलायची गरजच काय? आता भांडणाची माझी बाजू माझ्याकडं आहे आणि पलीकडं कुणी नाही. माझी मराठी तुम्हाला वाचता येत नव्हती, तुमची उर्दू मला दुकानाच्या पाटीपुरती यायची. तरी लिहितो. तोंडानं सांगायचं ते सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या मातीला मी आलो होतो. मागे उभा होतो, लिंबाच्या झाडाखाली. हे दिवस असे आहेत की कोण कुणाच्या शेजारी उभा राहिला हे दोन्हीकडचे लोक बघतात आणि लक्षात ठेवतात. करीमनं, तुमच्या धाकट्या भावानं, मला हाताला धरून पुढं नेलं आणि माती द्यायला लावली. मूठ भरली, पण उघडेना. शेवटी करीमनंच बोटं सोडवली.

मला त्या एका गाडीबद्दल बोलायचं आहे. दुसरं काही नाही.

तुमच्या अब्बांच्या वेळी लाकडाची ददात नव्हती. धावडा, बाभूळ, जे लागेल ते डोंगरातनं यायचं. भट्टी एकदा पेटली की विझवायची नाही, कारण विझली तर मातीच्या मुशीत वितळलेली काच गोठते, सगळ्या मुशी तडकतात, आणि तडकलेल्या मुशींची भट्टी म्हणजे मेलेली भट्टी. म्हणून आग कमी पडायची भीती वाटली की लाकूड टाका. पाऊस आला, टाका. थंडी पडली, टाका. जेवायला जायचंय, मग जरा जास्तच टाका. तुम्हीच म्हणायचे, लाकूड लई असलं की अक्कल कमी लागती.

मग ती मोठी लढाई सुरू झाली. तेल मिळेना, मोटारी लाकडी कोळशावर चालायला लागल्या आणि जंगलातलं लाकूड कोळसा पाडायला जाऊ लागलं. जंगलखात्याचे साहेब भट्टीवर आले. माणूस वाईट नव्हता, खाटेवर बसून पाणी प्यायला, आणि मग म्हणाला की महिन्याला दहा गाड्या लाकूड तुम्हाला जातं, येत्या सालापासून पाच मिळेल. पाचात चालत असेल तर परवाना देतो, नसेल तर भट्टी बंद. तुम्ही त्याला समजावलं की आग निम्मी करता येत नाही, चौदा घरं या आगीवर जेवतात. तो म्हणाला, मला वरून आलंय. साहेब गेल्यावर आपण दोघं बराच वेळ त्या दहा गाड्यांच्या ढिगाकडं बघत बसलो. पहिल्यांदाच तो मला केवढा मोठा वाटला.

वैलाची गोष्ट मी आता कुणालाही सांगतो, आणि सांगताना अक्कल माझी होती असंच ऐकणाऱ्याला वाटेल अशी सांगतो. तुमच्यापुढं खोटं कशाला. उन्हाळा होता, आमची चूल अंगणात मांडलेली. तुम्ही ओसरीवर बसला होता, तुमच्या त्या वेगळ्या कपबशीत चहा घेऊन. ती कपबशी माझ्या आईनं कोनाड्यात वेगळी ठेवलेली, आई गेल्यावरही ती तिथंच राहिली, आणि तुम्ही आलात की आपण होऊन उठून ती काढून गोदापुढं धरायचे. आम्ही दोघांनीही त्यावर कधी एक शब्द काढला नाही. गोदा चुलीवर भाकरी थापत होती आणि चुलीलाच जोडलेल्या बाजूच्या वैलावर दूध ठेवलेलं. तुम्ही चहा प्यायचे थांबले.

“वहिनी, या दुधाखाली लाकूड कुठं हाय?”

गोदा हसली. म्हणाली, त्याला कशाला लाकूड, भाकरीच्या जाळावरच तापतंय ते, जाळ जाता जाता इकडून जातो.

तुम्ही कप तसाच ठेवून निघून गेलात. मी मागून ओरडलो की भट्टी म्हणजे काय चूल आहे का. तुम्ही वळूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही विटा आणि गारा घेऊन भट्टीच्या धुराड्याला कुशीतून एक कोठी काढत होता. जो जाळ आणि धूर सरळ आभाळात जात होता तो आधी त्या कोठीतून फिरून जायचा. नव्या बांगड्या एकदम गार झाल्या तर पिचतात, त्यांना हळूहळू निवावं लागतं, आणि त्यासाठी आपण इतकी वर्षं वेगळा खड्डा पेटवत होतो. आता त्या वैलात निवू लागल्या. कोठीच्या लांबच्या टोकाला दुसऱ्या दिवशी काच करायची वाळू आणि खार पसरून ठेवायची, म्हणजे मुशीत पडताना ती आधीच ऊन असायची. भट्टीची सहा तोंडं. ज्या तोंडाशी कुणी सळई घेऊन बसलं नसेल त्यावर मातीचं झाकण. हे झाकण आपल्याला आधी का सुचलं नाही याचं मला आजही नवल वाटतं. घरी दुधावर झाकण ठेवतो आणि भट्टी उघडी टाकून जेवायला जातो.

पहिला वैल ढासळला, बांगड्यांसकट. मी तेव्हा जे बोललो ते लिहीत नाही. दुसरा टिकला. विटा मीही वाहिल्या, हे मात्र तुम्ही मान्य कराल.

दहाच्या सहा गाड्या झाल्या. पाच हव्या होत्या. एक गाडी अडली.

आणि मग तुम्ही पोत्यांकडं बोट दाखवलं.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी इथं फुटली असंच लिहितोय, तुमच्यापुढं सोवळं कशाला. डोंगरकडा गावापासून सेनगावापर्यंत मी गावोगाव हिंडायचो तेव्हा बायका फुटक्या बांगड्यांचे तुकडे साठवून ठेवायच्या आणि मला द्यायच्या. मी ते तुम्हाला आणून द्यायचो आणि तुम्ही वाळूत मिसळायचे. वाळू आणि खार वितळायला फार आग खातात, पण त्यात फुटकी काच पडली की ती आधी पाझरते आणि बाकीच्याला ओढून घेते. तुम्ही तिला विरजण म्हणायचे. दूध कितीबी असू दे, विरजण बराबर असलं की लागतंच, असं.

पण काही तुकडे मी वेगळे बांधायचो. ज्या घरात पुरुष गेला आणि बाईनं हातातल्या बांगड्या फोडल्या, त्या घरचे. माझ्या आईनं मला शिकवलेलं, ती काच भट्टीत जाता कामा नये. एकीचं कपाळ पुसलेली काच दुसरीच्या लग्नाच्या चुड्यात भरायची नाही. ती कयाधू नदीत सोडून यायची. तुम्ही मला अडवलं होतं. म्हणाला होता, टाकू नका, ठेवा. वितळवू म्हणत न्हाई, नुसतं ठेवा. मग ना तुमचं ना माझं करून ती काच पोत्यात भरून भट्टीच्या छपरात ठेवायला लागलो. तापाच्या साथीचं ते एक साल गेलं आणि पोती तीन झाली.

“त्या एका गाडीचं लाकूड या तीन पोत्यांत हाय,” तुम्ही म्हणाला. “अन् पुढं बी येतच ऱ्हाणार हाय. विरजण दुप्पट केलं की पाचात भागतंय.”

मी नाही म्हणालो.

“काहून?”

काहून ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. तरी मी सांगितलं. आई, चुडा, कपाळ, सगळं सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकलं आणि म्हणाला:

“नारायणशेट, काचंला काय ठाव कुणाचा नवरा गेला ते? हजार माणसं मरतील येवढी आग लागती तिला वितळाया. येवढ्या आगीतून गेल्यावर काय ऱ्हातंय तिच्यात?”

मी म्हणालो, बायका माझ्या हातात हात देतात, तोंड फिरवून, डोळे मिटून. मी काय भरतोय ते बघत नाहीत. तुम्ही विचारलं, कुणाला कळंल? मी छाती काढून म्हणालो, मला कळेल.

ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येऊन गोदाला सांगितलं. तिनं भाजीत पळी फिरवत विचारलं, मग ती एक गाडी कुठून आणणार? मला राग आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अंगणातला वैल जिनं नुसता तोंडानं तुम्हाला देऊन टाकला, तिचा प्रश्न मी ऐकूनसुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पुन्हा विचारलं नाही. नुसतं म्हणाला, ठीक हाय, मग आग मी सांभाळतो.

सांभाळतो म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. लाकूड भरपूर असतं तेव्हा आगीकडं कुणी बघत नाही. लाकूड तोकडं झालं की प्रत्येक ओंडक्याचा हिशेब आगीच्या रंगावरून करावा लागतो. धुराच्या वाटेत तुम्ही एक मातीची झडप बसवली. ती बोटभर जास्त उघडली तर जाळ वाया जातो, बोटभर कमी उघडली तर आत धूर कोंडतो आणि काच काळवंडते. ती कधी आणि किती सरकवायची हे आतला रंग बघूनच ठरायचं, आणि रंग बघायला भट्टीच्या कुशीत ते एक भोक. आतला रंग कवठाच्या गरासारखा असला तर आग कच्ची. हळदीसारखा झाला तर जवळ आली. दुधावरच्या सायीसारखा झाला की काच उचलायची. तुम्ही भोकाला डोळा लावायचे आणि म्हणायचे, कवठ. थोड्या वेळानं, हळद. मग झडपेवर हात, आणि अर्ध्या बोटाची सरक. करीम नुसता तुमच्या तोंडाकडं बघून लाकूड टाकायचा. सकाळपासून तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजापर्यंत, रोज.

साहेब परत आले तेव्हा पाचच गाड्या जळत होत्या. त्यांनी परवाना लिहून दिला, तुमच्या पाठीवर थाप मारली. मी सेनगावच्या बाजारात सांगत सुटलो की आमच्या भट्टीनं निम्म्या लाकडात काच वितळवून दाखवली. आमच्या भट्टीनं! एकानं विचारलं, कशी? मी म्हणालो, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही बघ बांगडी. लोक खूश, मी खूश. मला वाटलं बघा, पोत्यांना हात न लावता भागलं की नाही. भागलं. तुमच्या डोळ्यांवर भागलं.

पहिल्यांदा भाभी बोलल्या. जैनबभाभी माझ्याशी पडद्याआडून, मोजकंच बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “भाऊ, यांना भाकरीवरचं मीठ दिसून न्हाई राहिलं.” मी म्हणालो, अंधारात जेवत असतील. त्या म्हणाल्या, भर दुपारी.

मग मलाही दिसायला लागलं. बाजारात तुम्ही मला हिरव्या म्हणून निळ्या बांगड्यांचा जोड दिला. उन्हात आलात की कपाळावर हात आडवा धरायचे. भट्टीच्या भोकाशी मात्र तुम्हाला स्पष्ट दिसायचं, किंवा तुम्ही तसं म्हणायचे, आणि दिसेनासं व्हायला लागलं तसे आणखी जवळ जायचे. हकिमाचे थेंब झाले, त्रिफळ्याचं पाणी झालं. शेवटी मी तुम्हाला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यानं तुमचे डोळे बघायच्या आधी तुमचं काम विचारलं. मग म्हणाला, आगीत टक लावून बघणाऱ्यांना मोतीबिंदू असाच लवकर येतो. ऑपरेशन करू, पण आगीकडं बघणं आजपासून बंद. पुन्हा बघाल तर मी काही करू शकणार नाही.

परतताना मोटारीत तुम्ही खिडकीशी बसला होता. कळमनुरी जवळ आली तेव्हा तुम्ही मला म्हणाला, शेट न लावता, “नारायण, आता तरी ती पोती सोड.”

वीस वर्षांत तुम्ही मला एकदाच एकेरी हाक मारली. मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, विचार करतो.

उस्मानभाई, मी विचार केला नाही. खरं सांगतो. मी तो विषय बाजूला ठेवला, आईनं कपबशी ठेवली होती तसा. मनात म्हणालो, ऑपरेशन होईल, डोळे येतील, करीम शिकेल, मग पोत्यांचं कामच काय. करीम शिकत होता. त्याला कवठ कळायचं आणि साय कळायची, मधली हळद कळत नव्हती, आणि सगळी मेख त्या हळदीतच होती. दोन मुशी तडकल्या. तुम्ही त्याला रागावला नाहीत. पुन्हा जाऊन भोकाशी बसला. मी समोर होतो. मला तिथं म्हणता आलं असतं, उठा, पोती फोडतो. तीन शब्द. डॉक्टरच्या नावानं मी तुमच्यावर ओरडलो, ते तीन शब्द सोडून बाकी सगळं बोललो.

असं करत करत वर्ष गेलं, दुसरंही गेलं, आणि मग तुम्ही ऑपरेशनला गेलात. एकच डोळा केला होता, पण पट्टी दोन्हींवर. आठ दिवस उताणं पडायचं, मान हलवायची नाही, दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. चौथ्या दिवशी मी भेटायला आलो. दारातच तुम्ही माझं पाऊल ओळखलं. तब्येतीचं विचारायच्या आधी तुम्हीच विचारलं:

“रंग कसा हाय?”

मी म्हणालो, बरा आहे.

“बरा रंग कंचा? कवठ का हळद?”

भट्टी तीन दिवस धड तापली नव्हती. करीम रडकुंडीला आला होता. मला खोटं बोलता येतं, उस्मानभाई. बाजारात दिवसभर बोलतो. पिचलेल्या बांगडीला नवी म्हणतो, काळ्या मनगटाला गोरं म्हणतो. त्या दिवशी मात्र मला खरं बोलायची बुद्धी झाली. मी म्हणालो, कवठ.

मी सांगितलं, पडून राहा, बघू आम्ही. तुम्ही हो म्हणाला, वाळूच्या पिशव्यांमध्ये मान न हलवता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आला तेव्हा खाट रिकामी होती. तुम्ही भिंत धरत धरत बाहेर पडून कळमनुरीच्या मोटारीत बसला होता, डोळ्यांना पट्ट्या तशाच.

मी भट्टीवर धावत आलो तर तुम्ही भोकासमोर बसलेले. पट्टी होती, दिसत काहीच नव्हतं. गाल भोकापाशी नेत होता आणि कातडीला बसणाऱ्या झळेवरून सांगत होता, कवठ. अजून कवठ. आता हळद आली बघ, करीम, झडप ओढ. तीन दिवस तुम्ही तसेच बसला. काच वितळली. मुशी वाचल्या. सगळे म्हणाले, उस्मानभाईला आंधळेपणीसुद्धा आग कळते. मी सुद्धा म्हणालो. कौतुकानं म्हणालो.

मग पट्टीखालून पू यायला लागला आणि ताप चढला. नांदेडच्या डॉक्टरनं जे करायचं ते केलं, मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या.

शेवटचे दोन दिवस मी तुमच्या उशाशी होतो. भाभी आत, मी आणि करीम बाहेरच्या खोलीत आळीपाळीनं. तुम्ही शुद्धीत यायचे, पाणी मागायचे. एकदा माझा हात चाचपून म्हणाला, “कोण, शेट? तकलीफ झाली तुमाला.” मला तेव्हा म्हणायचं होतं, उद्या पोती भट्टीत टाकतो. जिभेवर आलेलं. पण ते म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता, की तुम्ही या पोत्यांपायी मरताय हे मला कळलंय. ते तुमच्यापुढं कबूल करायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, तकलीफ कसली, झोपा. माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं ते.

तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी सकाळी करीम माझ्या दारात उभा. म्हणाला, चला. मी गेलो. मुशीत काच कसली, निम्म्या कण्या निम्मी पेज. महिन्याच्या पाच गाड्या जवळजवळ संपल्या होत्या, मागं एक लहान ढीग उरलेला. करीम म्हणाला, “दुपारपतुर साय न्हाई आली तर मुशी गेल्या, शेट. समद्याच.” छपराखाली चौदा घरांतली माणसं सळया टेकून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. पोत्यांकडं कुणी बघत नव्हतं. ती पोती माझी आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पहिल्या पोत्याला हात लावला आणि मला सुतळी सोडवेना. खरंच सोडवेना. आईच दिसत होती. पन्नाशीचा माणूस मी, वाढलेल्या काचेच्या पोत्यापुढं सुतळी धरून उभा.

तेव्हा करीमनं कमरेची एक पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, भाभीनं दिली. नवरा गेल्यावर तुमच्यात चार महिने दहा दिवस बाईला उंबऱ्याबाहेर येता येत नाही, म्हणून त्याच्याकडं दिली. मी सोडली. हिरव्या बांगड्यांचे तुकडे. मीच भरल्या होत्या त्या, मागच्या ईदेला, पडद्याबाहेर काढलेल्या हातात, आणि तुम्ही शेजारी बसून मला चिडवत होता की एक बांगडी तंग भरली.

“भाभी म्हणल्या,” करीम सांगत होता, “भाऊला सांग, ह्या पोत्यात ठिवू नका. यांच्या आगीत टाका.”

मी टाकल्या. मग पोती फोडली, एकामागून एक, आणि टोपलीनं ओतत राहिलो. कुणाकुणाच्या होत्या त्या मला आठवत होत्या. डोंगरकड्याच्या त्या माळ्याच्या सुनेच्या. सेनगावच्या तांबोळ्याच्या बहिणीच्या. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, अगदी तसंच. फुटकी काच आधी पाझरली आणि वाळूला ओढून घेऊन गेली. मी भोकाला डोळा लावला. पहिल्यांदाच लावला, वीस वर्षांत मी तिथं कधी बघितलं नव्हतं. एवढ्याशानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि कितीतरी वेळ मला करीमच्या तोंडाच्या जागी नुसता हिरवा डाग दिसत होता. तुम्ही तिथं रोज बसत होता. आत साय होती. करीमवर हळद ओळखायची वेळच आली नाही, कवठावरून आग सरळ सायीवर गेली.

त्या काचेच्या बांगड्या झाल्या. चांगल्या झाल्या, नितळ. मी अजून विकायला नेल्या नाहीत. पेटी घरात आहे, गोदा रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि काही विचारत नाही. उद्या बाजार आहे. कुणीतरी बाई तोंड फिरवून हात पुढं करील आणि मला काहीतरी ठरवावं लागेल. काय ते मला माहीत नाही. तुम्ही असता तर भांडून ठरवलं असतं. वरातीमागून घोडं आणणाऱ्या माणसाला आता कोण सल्ला देणार?

एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी दुपारी काच उचलून झाल्यावर करीम मागं गेला आणि परत येऊन म्हणाला, शेट, ढीग तसाच हाय. मी जाऊन बघितलं. सकाळी फोडून ठेवलेलं लाकूड निम्म्याहून जास्त शिल्लक होतं, बाभळीचे ओंडके, सालीसकट. करीम विचारत होता, ह्याचं काय करू? मी त्यावर बसलो. उस्मानभाई, लाकूड उरलं. दोन वर्षांपूर्वी मोटारीत मी विचार करतो म्हणालो नसतो, नुसतं हो म्हणालो असतो, तर ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलं असतं.